नकाशाचे दुसरे कुलूप

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सपाट मैदानावर विल्यम लॅम्ब्टन या सैनिकी अधिकाऱ्याने सुमारे साडेसात मैल लांबीची एक सरळ रेषा मोजावयास प्रारंभ केला. पुढे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण या नावाने जगभर ख्याती पावलेल्या कार्याचा तो पाया होय. मोजणीसाठी शंभर फूट लांबीची पोलादी साखळी होती. पोलाद उन्हाने वाढते, गारव्याने आकसते आणि वापराने सांधे झिजून साखळी कणाकणाने लांबत जाते. म्हणून दुसरी एक प्रमाणित साखळी केवळ तुलनेसाठी राखून ठेवण्यात आली. मोजणीची साखळी तिच्याशी ताडून पाहावयाची आणि जो फरक पडेल तो हिशेबात धरावयाचा, अशी ही पद्धत होती. लॅम्ब्टन यांना १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मृत्यू आला. त्यांचे कार्य जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. आणि राधानाथ सिकदर व त्यांचे सहकारी यांच्या आकडेमोडीतून जगातील सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट अशी निघाली. ती १८५६ मध्ये जाहीर झाली. उपग्रहांच्या साहाय्याने नव्याने मोजून २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. दोहोंतील अंतर अवघे तीस फुटांचे.

या इतिहासातील घनदाट जंगले, हिवताप आणि अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र यांचे वर्णन पुष्कळ वेळा केले जाते. त्या दुसऱ्या साखळीचे वर्णन क्वचितच आढळते. वास्तविक प्रमाण म्हणून राखलेले असे माप नसते, तर शेकडो माणसांनी निरनिराळ्या प्रांतांत घेतलेली मापे एकमेकांस जोडताच आली नसती. माप घेणे हे अर्धे काम होय. ते माप दुसऱ्याच्या मापाशी जुळेल आणि दुसऱ्याला वाचता येईल अशा रीतीने नोंदवून ठेवणे, हे उरलेले अर्धे काम. आज भारताची भूमी नव्या साधनांनी पुन्हा एकदा मोजली जात असताना, या उरलेल्या अर्ध्या कामाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे.

कागदावरून अंकांत

पूर्वी नकाशा म्हणजे छापलेला कागद, अशी समजूत होती व ती योग्यच होती. आज नकाशा हा मूलतः अंकांचा साठा आहे. कागद किंवा पडदा हे त्याचे केवळ दर्शन. विहीर असेल तर तिच्या स्थानाचे दोन अंक, रस्ता असेल तर अशा अनेक जोड्यांची माळ, शेत असेल तर स्वतःशीच येऊन मिळणारी माळ, आणि प्रत्येकाशी जोडलेली माहिती, म्हणजे विहिरीची खोली, रस्त्याची रुंदी, शेताचा गट क्रमांक. अशी माहिती साठवून, एका थरावर दुसरा थर ठेवून, प्रश्न विचारण्याची सोय ज्या संगणकीय साधनांत असते त्यांस भौगोलिक माहिती प्रणाली असे म्हणतात. पूररेषेच्या आत किती घरे येतात, आरोग्यकेंद्रापासून पाच किलोमीटरांच्या पलीकडे कोणती गावे उरतात, अशा प्रश्नांची उत्तरे ती काही क्षणांत देते. तथापि, हे उत्तर खरे ठरण्यासाठी सर्व थरांतील अंकांची भाषा एकच असावी लागते.

मुंबईचे स्थान स्थूलमानाने १९ अंश उत्तर अक्षांश व ७३ अंश पूर्व रेखांश असे आहे. संगणकाच्या नोंदीत पुष्कळदा केवळ ‘१९, ७३’ एवढेच लिहिलेले असते. काही सॉफ्टवेअर अक्षांश आधी लिहितात, काही रेखांश आधी. वाचणाऱ्याने क्रम उलटा घेतला, तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान डोळ्यांस दिसते. दुसरी एक चूक अधिक घातक असते, कारण ती दिसत नाही. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापे प्रसिद्ध केली, त्यांवर भारताचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ बेतलेले होते. त्या मापांतील विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या उपग्रहांनी स्वीकारलेल्या १९८४ च्या जागतिक प्रणालीतील त्रिज्येपेक्षा सुमारे ८६० मीटरांनी कमी आहे. शिवाय दोन्ही प्रणालींचे केंद्रही एक नाही. परिणामी, अक्षांश-रेखांशांची एकच जोडी जुन्या व नव्या प्रणालीने वाचली असता महाराष्ट्रात शंभर मीटरांहून अधिक अंतरावरील दोन निराळी ठिकाणे दाखवते. शंभर मीटर म्हणजे एका शेताऐवजी दुसऱ्याचे शेत, नदीच्या या काठाऐवजी पलीकडचा काठ.

मीटरांत मोजणी करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्यासाठी जी प्रक्षेपणपद्धती सर्वत्र वापरली जाते, तिच्यात पृथ्वीचे सहा सहा अंशांचे पट्टे कल्पिलेले असतात व प्रत्येक पट्ट्यात अंक नव्याने सुरू होतात. ७८ अंश पूर्व ही अशीच एक सीमा असून ती विदर्भातून जाते. म्हणून अमरावती एका पट्ट्यात येते, तर नागपूर दुसऱ्या. पट्ट्याचा उल्लेख गाळलेला आकडा म्हणजे गावाचे नाव नसलेला पत्ता होय. यावरील उपाय मात्र अगदी साधा आहे. प्रत्येक संदर्भप्रणालीस जगभर मान्य झालेला एक क्रमांक दिलेला आहे. १९८४ च्या जागतिक प्रणालीतील अक्षांश-रेखांशांसाठी ४३२६ आणि त्याच प्रणालीवर आधारलेल्या, अमरावती ज्यात येते त्या पट्ट्यासाठी ३२६४३. नकाशासोबत एवढा एक क्रमांक नोंदवला, की वाचणाऱ्याचा संशय फिटतो. ज्यास खुले मानक म्हणतात त्याचे मर्म या लहानशा उदाहरणात सामावलेले आहे.

पहिले कुलूप

भारतात नकाशांवर फार काळ परवानगीचे कुलूप होते. सीमेलगतच्या व किनाऱ्यालगतच्या प्रदेशांचे तपशीलवार नकाशे सर्वसामान्य नागरिकास मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक व जनतेसाठी एक, अशा दोन नकाशामाला केल्या आणि जनतेची माला जागतिक प्रणालीवर आणली. हे पुढचे पाऊल होते. परंतु २०१६ मध्ये भौगोलिक माहितीच्या नियमनासाठी जो विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात परवान्यावाचून अशी माहिती गोळा करणारास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड व सात वर्षांपर्यंत कारावास सुचवलेला होता. त्यावर मोठा वादंग माजला. मसुद्याचा कायदा झाला नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि वाऱ्याची दिशा पालटली. भारतीय व्यक्ती व संस्था यांस नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट उरली नाही. आडव्या दिशेने एक मीटर व उभ्या दिशेने तीन मीटर यांहून अधिक सूक्ष्म माहिती मात्र भारतीयांकडेच राहावी, असे बंधन ठेवण्यात आले. पुढे २८ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. २०३० पर्यंत नगरे व गावे पाच ते दहा सेंटिमीटर आणि वने व पडीक जमिनी पन्नास ते शंभर सेंटिमीटर इतक्या बारकाईने मोजण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. लॅम्ब्टन यांच्यानंतर इतका मोठा संकल्प या देशात क्वचितच सोडण्यात आला असेल. पहिले कुलूप उघडले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे कुलूप

परंतु कपाट उघडले म्हणजे आतील ग्रंथ वाचता येतोच असे नाही. २०१७ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने आपले जनतेसाठीचे नकाशे संकेतस्थळावरून विनामूल्य देण्यास आरंभ केला. विभागाच्या २५० व्या वर्षाची ती भेट स्वागतार्हच होती. मात्र ते नकाशे छापील पानाच्या रूपातील होते. त्यांत रस्ता दिसे, पण त्याची लांबी संगणकास विचारता येत नसे. गाव दिसे, पण त्याचे नाव यादीत घेता येत नसे. एखाद्या शिक्षकास तालुक्यातील ओढे निराळे काढावयाचे असल्यास ते पुन्हा हाताने गिरवणे भाग होते. ज्या अंकांपासून नकाशा बनला, ते अंक चित्रात गोठून गेले होते.

याहून कठीण प्रसंग तेव्हा येतो, जेव्हा माहिती एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरलाच समजणाऱ्या गुप्त रचनेत साठवलेली असते. मराठी वाचकास या संकटाची कल्पना चांगली असेल. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी कार्यालयांत व छापखान्यांत मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी टंकांत लिहिला जाई. प्रत्येक टंकाचे संकेत वेगळे. तो टंक जवळ नसला, की उत्तम लेखाच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. लेख नष्ट झालेला नसे. तो वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती असे. अशा किती अहवालांना व हस्तलिखितांना पुन्हा टंकित करावे लागले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जे अक्षरांच्या बाबतीत घडले तेच नकाशांच्या बाबतीत घडू देणे शहाणपणाचे नव्हे.

किंबहुना ते काही अंशी घडत आहे. नकाशांच्या देवाणघेवाणीसाठी जगात सर्वाधिक प्रचलित असलेला साचा म्हणजे शेपफाइल. एस्री या अमेरिकन कंपनीने तो १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तयार केला व १९९८ मध्ये त्याची रचना छापून प्रसिद्ध केली. रचना प्रसिद्ध झाल्यामुळेच इतरांना तो वाचता-लिहिता येऊ लागला व सर्वत्र पसरला. उघडेपणापासून उत्पादकाचेही हित होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. परंतु त्या साच्यातील रकान्याच्या नावास केवळ दहा बाइट्सची जागा आहे. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते व काना-मात्रेची गणनाही स्वतंत्र होते. म्हणजे ‘गाव’ हा शब्द कसाबसा मावतो. ‘तालुका’ मावत नाही, ‘जिल्हा’ मावत नाही. मग रकान्यांची नावे रोमन लिपीत लिहिली जातात, व त्याच ओघात गावांची नावेही. एकच वडगाव कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, शेवटच्या ‘गाव’चेही दोन-तीन प्रकार होतात. संगणकाच्या दृष्टीने ती निरनिराळी गावे ठरतात, आणि एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या नकाशास जुळत नाही. लिपीच्या सोयीचा प्रश्न येथे केवळ भाषाभिमानाचा राहत नाही. तो कारभाराच्या अचूकपणाचा होतो.

खुले मानक कसे काम करते

खुले मानक म्हणजे कोणालाही विनामूल्य वा नाममात्र खर्चात वाचता येईल, कोणालाही मानधन न देता वापरता येईल आणि ज्यात बदल करण्याची रीत सर्वांसमक्ष ठरलेली असेल, असा लेखी संकेत. नकाशांच्या क्षेत्रात हे कार्य ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची या विषयावरील समितीही त्याच वर्षी स्थापन झाली, व या दोहोंची पुष्कळशी मानके आज समाईक आहेत.

त्यांपैकी दोन मानकांचे कार्य समजून घेणे उपयुक्त ठरेल. पहिले २००० मधील नकाशासेवेचे मानक. एका संगणकाने दुसऱ्याकडे कोणत्या शब्दांत नकाशा मागावा, हे त्यात ठरवून दिलेले आहे. कोणता थर, कोणत्या सीमांमधील, कोणत्या संदर्भप्रणालीत व किती आकाराचे चित्र, एवढे सांगितले की उत्तरादाखल चित्र मिळते. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या, २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘भुवन’ या संकेतस्थळाचे अनेक थर या मानकानुसार मिळतात. त्यामुळे आसामातील अभ्यासक हैदराबादेतील केंद्रात साठवलेला भूमिवापराचा थर स्वतःच्या नकाशाखाली पसरवू शकतो. दोघांचे सॉफ्टवेअर एक असण्याची गरज पडत नाही. दुसरे मानक २००२ मधील. त्यानुसार चित्राऐवजी प्रत्यक्ष अंक व त्यांच्याशी जोडलेली माहिती मिळते. पहिल्याने नकाशा पाहता येतो, दुसऱ्याने त्यावर काम करता येते. सार्वजनिक माहितीच्या बाबतीत पहिल्यावर समाधान मानून चालणार नाही, कारण पाहण्याचा हक्क हा तपासण्याच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही.

साठवणुकीसाठीही खुले साचे सिद्ध आहेत. २०१४ मध्ये मान्य झालेला जिओपॅकेज हा साचा एकाच फाइलीत अनेक थर सामावून घेतो व देवनागरी नावांना कात्री लावत नाही. २०१६ मध्ये ज्याची रचना रीतसर निश्चित झाली तो जिओजेसन हा साचा तर साध्या मजकुराच्या संपादकात उघडून डोळ्यांनी वाचता येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. खुले मानक व मुक्त सॉफ्टवेअर या दोन भिन्न गोष्टी आहेत. विकत घेतलेले सॉफ्टवेअरही खुल्या मानकाचे काटेकोर पालन करू शकते. तरीपण दोहोंचा स्नेह जुना आहे. अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेत १९८२ मध्ये सुरू झालेले ग्रास, निरनिराळ्या साच्यांचे परस्पर भाषांतर करणारे १९९८ मधील जीडॅल, माहितीसाठ्यास भूगोल शिकवणारे २००१ मधील पोस्टजीआयएस आणि २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी आरंभिलेले क्यूजीआयएस, ही साधने आज कोणासही विनामूल्य मिळतात. त्यांची अंतर्गत रचना उघडी असल्यामुळे त्यांनी काढलेल्या उत्तराची पडताळणी करता येते. साधारण प्रतीच्या संगणकावर ती चालतात, ही गोष्ट शाळा व ग्रामपंचायती यांच्या दृष्टीने लहान नव्हे.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातात व त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप देशाच्या सुरक्षिततेचा. संरक्षणस्थळांची माहिती गुप्त राहावी यात दुमत नाही. परंतु माहिती गुप्त असणे आणि तिची भाषा गुप्त असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीचे व्याकरण सर्वांना ठाऊक असते म्हणून मोहोरबंद पत्र उघडे पडत नाही. जी माहिती द्यावयाची नाही ती देऊ नये. परंतु जी द्यावयाची ठरली, ती वाचता येईल अशी द्यावी. शिवाय गुप्त माहितीदेखील पन्नास वर्षांनी तिच्या मालकास वाचता आली पाहिजे. केवळ एका उत्पादकाला ठाऊक असलेली रचना ही राष्ट्राच्या दृष्टीने सुरक्षितता नसून परावलंबन होय.

दुसरा आक्षेप खर्चाचा. माहिती मिळवण्यास पैसा लागतो, तेव्हा ती विकून खर्च भरून काढावा, असे म्हटले जाते. अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे अनेक वर्षे विकली. विक्रीच्या काळातील सर्वांत चांगल्या वर्षी, म्हणजे २००१ मध्ये, सुमारे २५,००० छायाचित्रे गेली. २००८ मध्ये मूल्य रद्द झाले, आणि त्यानंतरच्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली गेली. किमतीने आणि किचकट रीतींनी किती उपयोग अडून राहिला होता, हे त्यावरून उघड होते. २०१० च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा राजधानीचा पुरेसा तपशीलवार खुला नकाशा उपलब्ध नव्हता. उपग्रहांची छायाचित्रे खुली होताच जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या सार्वजनिक नकाशात अवघ्या काही दिवसांत रस्ते व कोसळलेल्या इमारती दाखल केल्या, आणि मदतपथकांनी तो नकाशा हातातील उपकरणांत उतरवून घेतला. २०१५ मधील नेपाळच्या भूकंपात तेच घडले. शेकडो परक्या माणसांचे काम एकमेकांस जुळू शकले याचे कारण त्यांचा उत्साह तर होताच. परंतु सर्वांचे अंक एकाच संदर्भप्रणालीत व एकाच उघड्या साच्यात होते, हेही होते. संकट आल्यावर साचा ठरवावयास वेळ नसतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी त्याचा वापर विनासायास होत नाही. शिक्षण द्यावे लागते, अडचण आल्यास साहाय्य लागते, आणि विकत घेतलेल्या साधनांतील काही सोयी त्यांत नसतात. मानकेही निर्दोष नसतात. नकाशासेवेच्या मानकाच्या एका सुधारणेत अक्षांश-रेखांशांचा क्रम बदलल्यामुळे जगभर गोंधळ झाला होता. २०१९ पासून त्याच कुळातील नवी, सुटसुटीत मानके जुन्यांची जागा घेऊ लागली आहेत. हे सर्व खरे आहे. म्हणूनच कोणत्याही कार्यालयावर विशिष्ट सॉफ्टवेअर लादावे, असे येथे सुचवावयाचे नाही. ज्याला जे साधन सोयीचे वाटेल ते त्याने वापरावे; मात्र सार्वजनिक पैशाने झालेले काम ज्या दिवशी शासनाच्या स्वाधीन होईल, त्या दिवशी ते खुल्या मानकात असावे. सुतार कोणत्या रंध्याने लाकूड तासतो हा त्याचा प्रश्न. दाराची चौकट ठरलेल्या मापाची असावी, हे सांगण्याचा अधिकार घरमालकाचा.

काय व्हावे

या बाबतीत धोरणांची उणीव नाही. २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. २०१२ मध्ये शासकीय माहिती नागरिकांस उपलब्ध करण्याचे धोरण आले. २०२२ चे भूस्थानिक धोरणही खुल्या मानकांचा पुरस्कार करते. उणीव आहे ती धोरणातील वाक्य निविदेच्या अटीत उतरवण्याची. सर्वेक्षणाचे काम देताना किती चौरस किलोमीटर मोजावयाचे व किती सूक्ष्म मोजावयाचे हे करारनाम्यात लिहिले जाते. त्याच करारनाम्यात आणखी चार गोष्टी लिहिल्या जाव्यात. मूळ अंक खुल्या साच्यात सुपूर्द करावेत. प्रत्येक थरासोबत मोजणीचा दिनांक, पद्धत, अचूकता व संदर्भप्रणालीचा क्रमांक नोंदवावा. स्थलनामे त्या त्या प्रदेशाच्या लिपीत युनिकोडमध्ये द्यावीत व जोडीला पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतील गावाचा संकेतांक द्यावा. आणि जी माहिती जनतेसाठी आहे ती चित्ररूपाने व अंकरूपाने अशा दोन्ही सेवांतून मिळावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

याचे महत्त्व कोणास सर्वाधिक आहे, हे स्वामित्व योजनेच्या उदाहरणाने ध्यानात येईल. २४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेल्या या योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होते आणि घरमालकास मिळकत पत्रिका दिली जाते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांना कागद नव्हता त्यांस तो प्रथमच मिळत आहे. परंतु पत्रिका हा त्या मोजणीचा सारांश होय. घराच्या कोपऱ्यांचे खरे स्थान मागील अंकांत आहे. उद्या दोन शेजाऱ्यांत भिंतीवरून वाद झाला, तर निर्णय त्या अंकांवर अवलंबून राहील. तीस वर्षांनी ती फाइल उघडणारे सॉफ्टवेअर बाजारात नसेल, किंवा संदर्भप्रणालीची नोंद गहाळ झालेली असेल, तर घरमालकाच्या हाती पुन्हा केवळ कागद उरेल. ब्रिटिश अमदानीतील गावनकाशे जीर्ण झाले तरी भूकरमापकास आजही वाचता येतात, कारण त्यांवरील प्रमाण, उत्तर दिशा व खुणा लिहिलेल्या आहेत. नव्या नकाशांचे आयुष्य जुन्यांपेक्षा कमी ठरणे ही लाजिरवाणी गोष्ट होईल.

शाळा व ग्रंथालये यांचाही या कामात वाटा आहे. विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमवेत गावातील हातपंप, विहिरी व ओढे यांची स्थाने भ्रमणध्वनीच्या साहाय्याने नोंदवावीत, ती खुल्या साच्यात साठवावीत आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहाच्या छायाचित्रावर मांडून पाहावीत. एखादी विहीर शेजारच्या रस्त्यावर पडलेली दिसली, म्हणजे उपकरणाची अचूकता आणि संदर्भप्रणाली यांचा पाठ पुस्तकापेक्षा अधिक पक्का होतो. ग्रंथालयांनी आपल्या तालुक्याचे थर, जुन्या नकाशांसह, नीट नोंद करून जतन करावेत. आपल्या गावाचा नकाशा ज्याने स्वतः वाचला आहे, तो नागरिक पूररेषा, धरण वा रस्ता यांविषयीच्या सभेत केवळ ऐकून परतत नाही. तो प्रश्न विचारतो.

मद्रासच्या मैदानावरील ती दुसरी साखळी मोजणीसाठी कधी ताणली गेली नाही. तिने एक इंचही भूमी मोजली नाही. तरी प्रत्येक मोजलेल्या मैलामागे ती उभी होती. खुल्या मानकांचे स्थान असेच आहे. नकाशावर ती कोठेही दिसत नाहीत. परंतु येत्या काही वर्षांत या देशाची भूमी इंच इंच मोजली जाईल, तेव्हा ते माप उद्याच्या माणसाच्या उपयोगी पडेल की नाही, हे त्यांवरच ठरणार आहे. आणि तो निर्णय मोजणी पुरी झाल्यावर नव्हे, तर आज, पहिली अट लिहिताना घ्यावयाचा आहे.